चार्ज म्हणजे काय?



एके दिवशी रात्रीच्या वर्गाला एक ताई बँकेचे पासबुक घेऊन आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या खात्यातनं पैसे कापलेत. नातू म्हणतो, तिथं 'चार्जेस' लिहिलंय. मोबाईल तर मी घरीच चार्ज करते. बँकेत कधी केला?"

वर्ग हसला. ताईही हसल्या. आम्ही म्हणालो, "हसू नका. ताईंनी नेमका प्रश्न विचारला आहे." शब्द एकच आहे, पण त्याचे अर्थ पाच-सहा आहेत. हा शब्द आपण रोज बोलतो. तो नीट कळला नाही, तर मात्र नुकसान होते. म्हणून आज हाच धडा घेऊ.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. चार्ज हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. त्याच्याही मागे एक लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ गाडी. गाडीत माल भरणे, ओझे लादणे, हा चार्जचा मूळ अर्थ. आपण बैलगाडीत पोती भरतो ना, तसेच. ही भरलेली गाडी डोळ्यांपुढे ठेवा. मग सारे अर्थ आपोआप उलगडतील.

पहिला अर्थ विजेचा. मोबाईल चार्ज करणे म्हणजे त्याच्या बॅटरीत वीज भरणे. रिकामी गाडी भरली, एवढेच. विज्ञानाच्या पुस्तकात याला 'प्रभार' म्हणतात. त्यातही 'भार' आहेच.

दुसरा अर्थ पैशाचा. कामाबद्दल घेतलेला पैसा म्हणजे चार्ज. हे ओझे आपल्या खिशावर पडते. मराठीत त्याला आकार, शुल्क, फी असे शब्द आहेत. घरचे वीजबिल काढून पाहा. त्यात 'स्थिर आकार' असतो. वीज कमी जाळा की जास्त, तो द्यावाच लागतो. 'वीज आकार' मात्र युनिटांप्रमाणे वाढतो. कोठे 'फ्री ऑफ चार्ज' असे ऐकले, तर समजा, पैसे पडत नाहीत.

तिसरा अर्थ कामाचा. नवे साहेब आले की गावात म्हणतात, "साहेबांनी चार्ज घेतला." म्हणजे कामाची जबाबदारी घेतली. मराठीत 'कार्यभार'. पाहा, येथेही भार आला!

या चार्जाची आमची स्वतःची गोष्ट सांगतो. आम्ही पहिल्यांदा मुख्याध्यापक झालो. शाळेतल्या सामानाची लांबलचक यादी पुढे आली. आम्ही चांगले शिकलेले, पण घाई केली. सामान न मोजता यादीवर सही ठोकली. पुढे तपासणी झाली. यादीत बाके जास्त, वर्गात कमी! सही आमची होती, म्हणून भरपाईही आमच्याच पगारातून गेली. त्या दिवशी आम्हाला कळले, की अक्षर ओळखणे वेगळे आणि कागद वाचणे वेगळे.

चौथा अर्थ पोलीस-कोर्टाचा. 'लाठीचार्ज' म्हणजे लाठीमार. लाठ्या घेऊन जमावाच्या अंगावर चालून जाणे. 'चार्जशीट' म्हणजे दोषारोपपत्र. तपास करून पोलीस ते कोर्टात देतात. येथे ओझे आरोपाचे आहे. पण आरोप म्हणजे शाबीत झालेला गुन्हा नव्हे. तो गुन्हा घडला की नाही, हे कोर्ट ठरवते. म्हणून कोणावर चार्जशीट आले म्हणून त्याला लगेच गुन्हेगार म्हणू नये.

पाचवा अर्थ सर्वांत महत्त्वाचा. तो जमिनीचा आहे. आपण सोसायटीकडून किंवा बँकेकडून शेतीसाठी कर्ज घेतो. त्या कर्जाचा जमिनीवर चार्ज बसतो. मराठीत याला 'बोजा' म्हणतात. शेतकऱ्याला हा शब्द शिकवायला नको. या बोजाची नोंद सातबाऱ्यावर होते. आपला सातबारा काढा. 'इतर अधिकार' या सदराखाली बोट ठेवून वाचा. संस्थेचे नाव आणि कर्जाची रक्कम तेथे सापडेल.

बोजा चढला म्हणून जमिनीची मालकी बँकेची होत नाही. मालक आपणच. पण कर्ज थकले, तर वसुलीचा हात त्या जमिनीपर्यंत पोचतो.

आता मुख्य गोष्ट ऐका. कर्ज फिटले म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद आपोआप गेली, असे धरून चालू नका. आमच्या ओळखीच्या एका काकांनी पै-पैसा जोडून कर्ज फेडले. पावत्या ट्रंकेत जपून ठेवल्या. काही वर्षांनी मुलाने विहिरीसाठी कर्ज मागितले. तेव्हा सातबाऱ्यावर जुना बोजा तसाच! काकांचे डोके हलके झाले होते, पण कागदावरची गाडी भरलेलीच होती. हेलपाटे घालण्यात तो उन्हाळा गेला आणि विहीर राहिली.

म्हणून कर्ज फिटताच संस्थेकडून कर्ज बेबाक झाल्याचा दाखला घ्या. तो जोडून गावच्या तलाठी कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. हा अर्ज सरकारच्या 'ई-हक्क' या संगणक प्रणालीवरूनही करता येतो. अर्जाची पोच घ्या. मग फेरफाराची नोंद होते आणि ती मंजूर व्हावी लागते. ती झाली, की नवा सातबारा काढा आणि स्वतः वाचून खात्री करा. तेव्हाच ओझे उतरले म्हणा.

चार्ज हा शब्द कोठेही भेटला, तर तीन प्रश्न विचारा. ओझे कसले? ते कोणावर? ते उतरणार कधी? उत्तर मिळाल्यावाचून सही करू नका, अंगठाही देऊ नका.

ताईंचे काय झाले? दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या. पासबुकातल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "साहेब, हा चार्ज कसला?" साहेबांनी पाहून सांगितले, की ते एटीएम कार्डाचे वर्षाचे शुल्क होते. ताई ते कार्ड कधी वापरतच नव्हत्या. त्यांनी तेथेच कार्ड बंद करण्याचा अर्ज लिहिला. सही स्वतःच्या हाताने केली. गेलेले पैसे गेले, पण पुढचे वाचले.

अभ्यास

१. आकार, कार्यभार, दोषारोपपत्र, बोजा. हे शब्द मोठ्याने वाचा व वहीत लिहा.
२. घरच्या वीजबिलात 'आकार' हा शब्द किती ठिकाणी आहे ते शोधा.
३. सातबाऱ्यावरील 'इतर अधिकार' हे सदर वाचा. बोजा असल्यास कोणाचा व किती, ते लिहून आणा.