सोनटक्क्याची कुंडी बदलणे
(इयत्ता ४ थी व ५ वी; परिसर अभ्यास व कार्यानुभव)

शाळेच्या ओसरीवर सोनटक्क्याची एखादी कुंडी पुष्कळ ठिकाणी आढळते. पहिली दोन वर्षे झाड जोमाने वाढते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात शुभ्र फुले येतात व सायंकाळी त्यांचा सुगंध दरवळतो. पुढे मात्र पानांची टोके करपू लागतात, धुमारे बारीक निघतात व फुले विरळ होतात. मुले रोज पाणी घालीत असतात, तरीही झाड तहानलेले दिसते. पाणी कमी पडते अशी समजूत होऊन आणखी पाणी घातले जाते. परंतु त्याचा उपयोग होत नाही. दोष पाण्याच्या प्रमाणात नसून कुंडीच्या आत असतो. तो मुलांनी स्वतः शोधून काढावा व आपल्या हातांनी दूर करावा, असा या पाठाचा बेत आहे.

हेतू

(१) सोनटक्क्याचा जमिनीखालील भाग हे खोड आहे, मूळ नव्हे, हे निरीक्षणाने समजणे. (२) ओलावा व साचलेले पाणी यांतील भेद कळणे. (३) कुंडी बदलण्याची व कंद विभागण्याची कृती नीट करता येणे. (४) पाणी जपून वापरण्याची सवय लागणे.

साहित्य

सोनटक्क्याची जुनी कुंडी, तेवढ्याच आकाराच्या, बुडाला भोक असलेल्या दोन रिकाम्या कुंड्या (१२ इंची असल्यास उत्तम), खापराचे तुकडे, पोयट्याची माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत, धारदार सुरी, खुरपे, थोडी राख, ओल्या हळदीचा व आल्याचा एकेक गड्डा, उसाचे एक कांडे, एक लिटरचे माप.

जून महिन्यात शाळा उघडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे या पाठास सर्वांत सोयीचे. हवेत दमटपणा येत असतो, कंदाचे डोळे फुगू लागतात व झाडास नव्या मातीत मुळे धरण्यास अवधी मिळतो. फुले येण्याच्या दिवसांत ही कृती करू नये.

पूर्वज्ञान व प्रस्तावना

कृष्णाकाठच्या मुलांना उसाची लागण पाहून ठाऊक असते. उसाचे बी पेरीत नाहीत, टिपरी लावतात. टिपरीवर डोळा नसेल तर ती उगवत नाही. शिक्षकांनी प्रथम उसाचे कांडे दाखवून पेरे व डोळे ओळखण्यास सांगावे. नंतर हळदीचा गड्डा हाती द्यावा. सांगलीची हळदीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि हळदीचे गड्डे नित्य पाहणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ते मूळच वाटते. गड्ड्यावरील आडवी वलये, त्यांवरील पातळ सालीसारखी शल्के व टोकाशी असलेला डोळा दाखवून विचारावे : ‘उसाच्या कांड्याशी याचे काय साम्य आहे?’ मुळावर पेरे नसतात. पेरे व डोळे खोडावर असतात. तेव्हा हळद व आले ही जमिनीखालची खोडे होत, हे मुले स्वतःच सांगतील. सोनटक्का याच आल्याच्या कुळातील वनस्पती आहे, हे त्यानंतर सांगावे. पूर्व हिमालयाचा ओलसर प्रदेश हे त्याचे मूळ स्थान मानतात.

विषय-विवेचन

कुंडी उपडी करण्यापूर्वी एक प्रयोग करावा. जुन्या कुंडीत एक लिटर पाणी सावकाश ओतावे व बुडातून बाहेर येणारे पाणी भांड्यात धरून मोजावे. बाहेर पडण्यास किती वेळ लागला, हेही फळ्यावर लिहावे. नवी माती भरलेल्या, तितक्याच आकाराच्या कुंडीत हाच प्रयोग करावा. मुळांनी भरलेल्या कुंडीत पाणी बहुधा कडेच्या फटीतून झरझर उतरते. मुळे व कंद यांचा गोळा आवळला गेलेला असतो, माती फारशी उरलेली नसते, त्यामुळे पाणी धरून ठेवणारे काही आत राहत नाही. रोज पाणी मिळूनही झाड उपाशी व तहानलेले का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. ते शिक्षकांनी सांगू नये. मुलांकडून काढून घ्यावे.

यापुढे दुसरा प्रश्न येतो. सोनटक्क्याला ओल आवडते, तर त्याची कुंडी पाण्यात बुडवून का ठेवू नये? येथे कमळाचा देठ आडवा कापून दाखविता आल्यास उत्तम. त्यात पोकळ नळ्या दिसतात. त्यांतून हवा खाली पोहोचते, म्हणून कमळ साचलेल्या पाण्यात जगते. सोनटक्क्याच्या मुळांना मातीच्या कणांमधील हवा लागते. बुडाचे भोक बुजले की ती हवा नाहीशी होते, पाने पिवळी पडतात व गड्डा कुजून दुर्गंधी येते. माती सदैव ओलसर असावी, परंतु तिच्यात पाणी तुंबू नये, हा या झाडाच्या संगोपनातील मुख्य नियम होय.

प्रत्यक्ष कृती

१. तीन-चार तास अगोदर कुंडीस पाणी द्यावे. कडेने खुरपे फिरवून कुंडी आडवी करावी व काठावर हाताने ठोके द्यावेत. खोड धरून झाड उपटू नये. गोळा निघतच नसेल तर शेवटचा उपाय म्हणून कुंडी फोडावी. तिचे खापर पुढे उपयोगी पडते.

२. गोळ्याभोवती वेटोळे घातलेली मुळे मुलांना दाखवावीत. जुनी, काळी पडलेली मुळे काढून टाकावीत.

३. गड्ड्याचे असे तुकडे करावेत की प्रत्येकावर दोन-तीन ठसठशीत डोळे किंवा धुमारे राहतील. सुरी शिक्षकांनीच चालवावी. कोठे कापावे हे मुलांनी दाखवावे. मऊ व कुजलेला भाग टाकून द्यावा. कापलेल्या जागी राख लावून तुकडे दिवसभर सावलीत ठेवावेत.

४. ज्या दांड्यास एकदा फुले येऊन गेली त्यास पुन्हा येत नाहीत. असे दांडे बुडापासून कापावेत. राहिलेल्या धुमाऱ्यांची मोठी पाने निम्मी छाटावीत, म्हणजे मुळे धरेपर्यंत पानांवाटे पाणी कमी उडेल.

५. भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा; भोक झाकले जावे, बुजू नये. दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत व एक भाग पाचोळ्याचे खत मिसळून कुंडी भरावी.

६. गड्डा आडवा, डोळे वर करून, दोन बोटे खोल लावावा. खोल पुरल्यास तो कुजण्याचा संभव असतो. १२ इंची कुंडीत दोन तुकडे पुरेत. वर दोन इंच जागा पाण्यासाठी रिकामी सोडावी.

७. आठ दिवस सावलीत ठेवून नंतर सकाळचे ऊन मिळेल अशा जागी कुंडी न्यावी.

स्थानपरत्वे फरक

एकच पाठ दोन्ही जिल्ह्यांत सारख्याच रीतीने देता येणार नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या भागांत तो सुमारे ५०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतो.

महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पश्चिमेकडील भागांत अतिपाणी हा शत्रू आहे. तेथे कुंडी दोन विटांवर ठेवावी व भोक मोकळे आहे की नाही हे आठवड्यास पाहावे. कराड, वाळवा, मिरज येथील काळी माती ओल धरते, पण चिकटते व वाळल्यावर भेगाळते. तीत तिसरा हिस्सा वाळू किंवा तांबडी माती मिसळावी. उसाचे पाचट तेथे सहज मिळते. त्याचे आच्छादन मातीवर पसरावे.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ येथे प्रत्येक तांब्याचा हिशेब आहे. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडते. म्हणून कुंडी सावलीच्या जागी काठापर्यंत जमिनीत पुरावी व वर आच्छादन घालावे. हात-पाय धुण्याचे, साबण नसलेले पाणी तिच्याकडे वळवावे. ज्या गावी पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे शाळेने एकच कुंडी राखावी व पिण्याचे पाणी झाडास घालू नये. पाण्याविषयीचा विवेक हाही या पाठाचा विषय आहे.

उन्हाळ्याची सुट्टी ही सर्वच शाळांतील झाडांची कसोटी होय. सुट्टीपूर्वी जुने दांडे कापून कुंडी गर्द सावलीत पुरावी व शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे चार दिवसांआड पाणी देण्याचे काम सोपवावे. पाने वाळली तरी गड्ड्यात अन्नाचा साठा असतो. माती अगदी कोरडी ठणठणीत न झाल्यास पावसाबरोबर तो पुन्हा फुटतो.

उरलेले तुकडे

एका जुन्या कुंडीतून अनेक तुकडे निघतात. ते मुलांना घरच्या मोरीजवळ लावण्यास द्यावेत. मात्र ओढ्याच्या काठी अथवा रानात ते टाकू देऊ नयेत. ब्राझील, दक्षिण आफ्रिका व हवाई बेटे येथे हेच झाड ओलसर काठांवर पसरून तेथील मूळच्या वनस्पतींस भारी झाले आहे. कास पठाराचा समावेश २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात झाला. तेथे सहलीस जाताना बाहेरचे कोणतेही रोप नेऊ नये व तेथील रोप आणू नये, हे याच वेळी सांगावे.

सामान्यीकरण व फळ्यावरील सारांश

उसाची टिपरी, हळदीचे बेणे व सोनटक्क्याचा तुकडा या तिन्हींत उगवणारी वस्तू एकच : खोडावरील डोळा. ओलावा हवा, तुंबलेले पाणी नको. कुंडी भरली की माती व जागा द्यावी, केवळ पाणी वाढवू नये.

प्रश्न

१. सोनटक्क्याचा गड्डा मूळ नाही हे कशावरून ओळखावे?
२. जुन्या कुंडीतून पाणी लवकर का वाहून गेले?
३. पाने निम्मी छाटण्याचे कारण काय?
४. सोनटक्क्याचे फूल पांढरे असते व सायंकाळी उमलून दरवळते. अंधारात त्याच्याकडे कोणते कीटक येत असतील? (निशाचर पतंगांकडे लक्ष वेधावे.)

उपक्रम

नव्या कुंडीची वही ठेवावी. दर सोमवारी धुमाऱ्यांची संख्या, सर्वांत उंच धुमाऱ्याची उंची व आठवड्यात घातलेले पाणी लिटरमध्ये लिहावे. पहिले फूल उमलल्याची तारीख नोंदवावी. दोन-तीन वर्षांनी हीच कुंडी पुन्हा भरेल. त्या वेळच्या मुलांना ही वही वाचावयास द्यावी व प्रयोगाचे जुने आकडे नव्या आकड्यांशी ताडून पाहण्यास सांगावे.