परका घास, आपला घास

इटलीतील नेपल्स शहरात अठराव्या शतकात पिझ्झा हे गोरगरिबांचे, रस्त्यात उभ्याउभ्या खाण्याचे अन्न होते. ज्या टोमॅटोवाचून आज त्याची कल्पनाही करवत नाही, तो टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. १९९६ साली परदेशी कंपन्यांनी भारतात पिझ्झाची दुकाने थाटली आणि श्रमिकांचा हा घास येथे मात्र श्रीमंती थाटात अवतरला! आता लखनौपासून लातूरपर्यंत मुलांच्या वाढदिवसाला पिझ्झा लागतो. त्यावर पनीर आले. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांसाठी निराळा प्रकारही निघाला. तरीही त्याला परका म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मुंबईच्या कष्टकऱ्यांचा वडापाव जरा उलगडून पाहावा. त्यातला पाव पोर्तुगिजांनी आणलेला. बटाटा आणि मिरची, दोन्ही टोमॅटोच्याच मुलखातली.