आज काहीच जाणवलं नाही, मग देव होता का?

आजचे वाचन: मत्तय 18:15-20; 1 करिंथ 14:23-26



उपासना संपल्यावर बाहेर चहा घेताना आपली दोन वाक्यं ठरलेली असतात. "आज वर्शिप मस्त झाली, देवाची समक्षता खूप जाणवली!" किंवा मग, "आज काहीच जाणवलं नाही यार." दुसरं वाक्य सलग तीन-चार रविवार मनात आलं, की हळूच विचार येतो: त्यापेक्षा घरीच युट्यूबवर उपासना लावू. तिथे गाणीही चांगली असतात आणि संदेशही.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देवाला भेटायला यावं आणि रिकाम्या हातांनी परत जावं, याचं दुःख खरं असतं. म्हणून आज वचनालाच विचारू या: एकत्र जमून देवाची समक्षता शोधायची, म्हणजे नक्की काय करायचं?

1. अभिवचन आधीच दिलेलं आहे

मत्तय 18:20 आपल्याला पाठ आहे. प्रभूच्या नावाने दोघे-तिघे जमतात तिथे तो स्वतः त्यांच्यामध्ये असतो. यात तुम्हाला जाणवलं तर, संगीत चांगलं असलं तर, अशी अट कुठेही नाही. आपली भावना वर-खाली होते, त्याचा शब्द होत नाही.

पण आपण हे वचन बहुतेक वेळा एकटंच उचलतो. त्याच्या आधी पाच वचनं मागे जा. तिथे विषय आहे चुकलेल्या भावाचा. त्याला एकट्याला गाठून बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घे, आणि तुझा भाऊ परत मिळव. म्हणजे प्रभूने आपल्या समक्षतेचं अभिवचन दिलं ते तुटलेलं नातं जोडण्याच्या शिकवणीतच. रांगेत दोन खुर्च्या सोडून बसलेल्या माणसाशी आपण सहा महिने बोलत नाही आणि डोळे मिटून "प्रभू, जवळ ये" म्हणतो, तेव्हा हा भाग पुन्हा वाचायला हवा.

2. करिंथची मंडळी: दानं भरपूर, शेजारी उपाशी

करिंथच्या मंडळीत आत्मिक दानांची कमी नव्हती. अन्य भाषा होत्या, संदेश होते, उत्साह होता. तरी पौल त्यांना अकराव्या अध्यायात फार कडक बोलतो. प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण आधीच खाऊन-पिऊन धुंद आणि गरीब उपाशी, असं तिथे चाललं होतं. हे प्रभूचं भोजन नाहीच, असं तो स्पष्ट सांगतो. उपाय अगदी साधा देतो: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

मग चौदाव्या अध्यायात तो एक चित्र उभं करतो. बाहेरचा कोणी उपासनेत येतो. सगळेच अन्य भाषांत बोलत असतील, तर त्याला वाटेल हे लोक वेडे आहेत. पण त्याला समजेल असं, देवाकडून आलेलं बोलणं त्याच्या कानी पडलं, तर त्याच्या अंतःकरणातलं गुपित उघडं होतं, तो गुडघे टेकतो आणि देव खरोखर या लोकांत आहे हे कबूल करतो. पाहा, देवाची समक्षता ओळखली कोणी? नव्याने आलेल्या माणसाने! आणि का? कारण मंडळी त्याचा विचार करून बोलत होती.

आणखी एक गोष्ट. 1 करिंथ 3:16 मध्ये पौल म्हणतो की तुम्ही देवाचं मंदिर आहात. मराठीत आपण आदरानेही एकाच माणसाला "तुम्ही" म्हणतो, म्हणून वाचताना वाटतं हे मला एकट्याला आहे. पण मूळ ग्रीकमध्ये हे "तुम्ही" अनेकवचनी आहे. आपण सगळे मिळून एक मंदिर आहोत.

3. केडगावचे ते महिने

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. जानेवारी 1905 मध्ये पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवनासाठी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल, असं विचारलं. सुमारे 70 जणी पुढे आल्या. मुक्तीत बालविधवा होत्या, दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या. संख्या वाढत 550 पर्यंत गेली आणि दिवसातून दोनदा त्या जमू लागल्या. जूनच्या अखेरीस तिथे मोठं संजीवन झालं: पश्चात्ताप, रडणं, पापांची कबुली, आनंद.

आपल्याला जून आठवतो. पण जानेवारी ते जून या मधल्या महिन्यांत त्या रोज आल्या. समक्षता शोधणं म्हणजे हेच येत राहणं.

4. मग ऑनलाइन उपासनेचं काय?

आजारी असलेल्यांना, रविवारी शिफ्ट असणाऱ्यांना, परदेशात एकटं राहणाऱ्यांना ती मोठी मदत आहे. देव तिथेही बोलतो. फक्त एक फरक लक्षात ठेवा: स्क्रीनवर तुम्हाला मंडळी दिसते, पण मंडळीला तुम्ही दिसत नाही. तुमचे डोळे भरून आले, तर खांद्यावर हात ठेवायला कोणी नसतं. आणि शेजारचा कोलमडत असेल, तर तुमचाही हात तिथे पोहोचत नाही. इब्री 10:24-25 मध्ये एकत्र येणं सोडू नका असं सांगितलं आहे, ते एकमेकांना प्रीती आणि चांगल्या कामांसाठी उत्तेजन देता यावं म्हणूनच.

मंडळीत कोणी मन दुखावलं म्हणून तुम्ही लांब असाल, तर मोठ्या गर्दीपासून सुरुवात करायची गरज नाही. प्रभूने सांगितलेला आकडा दोन-तीनच आहे. विश्वासातल्या एका मित्राला फोन करा आणि सोबत प्रार्थना करा.

या रविवारी करून पाहा

- दहा मिनिटं आधी जा आणि आज येणाऱ्या एका व्यक्तीसाठी नाव घेऊन प्रार्थना करा.
- ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्याशी उपासनेआधी बोला.
- एकट्याने आलेल्या नव्या माणसाजवळ बसा.
- बाहेर आल्यावर "कशी झाली उपासना?" ऐवजी विचारा, "तुझ्यासाठी काय प्रार्थना करू?"

प्रार्थना

प्रभू येशू, आम्ही जमतो तेव्हा तू आमच्यामध्ये असतोस, यासाठी तुझे आभार. मला जाणवत नाही त्या दिवशीही तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायला शिकव. माझ्या शेजारी बसलेल्यात तुझं काम पाहायला माझे डोळे उघड. ज्या नात्यात मी अडून बसलो आहे, तिथे पहिलं पाऊल टाकायला बळ दे. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.