नवव्या क्रमांकाचा संघ

हरणाऱ्या संघाच्या बाजूनं उभं राहण्याची मला लहानपणापासूनची सवय. आमच्या आळीतल्या कबड्डी मंडळाचा संघ दरवर्षी जत्रेतल्या स्पर्धेत उतरायचा आणि बहुतेक पहिल्याच फेरीत गारद व्हायचा. तरी दादा आणि मी चुन्याच्या रेषेला खेटून बसायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो. म्हणूनच हॅरी पॉटरच्या पुस्तकांत चडली कॅनन्स भेटले तेव्हा ते ओळखीचेच वाटले. झाडूवर बसून खेळायच्या क्विडिचच्या लीगमध्ये तेरा संघ, त्यातला हा एक. एकवीस वेळा विजेता, पण शेवटचं विजेतेपद १८९२ सालचं. या संघाकडून आणि त्याच्या सर्वांत निष्ठावंत पाठीराख्याकडून, म्हणजे हॅरीचा मित्र रॉन वीझ्ली याच्याकडून, मी जे शिकले ते असं.

१. संघ मैदानापेक्षा घरात जास्त राहतो.

सातही कादंबऱ्यांत कॅनन्सचा एकही सामना आपल्याला बघायला मिळत नाही. तरी हा संघ वाचकाच्या लक्षात राहतो तो रॉनच्या खोलीमुळे. हॅरी दुसऱ्या भागात पहिल्यांदा त्या खोलीत जातो तेव्हा त्याला भट्टीत शिरल्यासारखं होतं. पलंगपोस, भिंती, उतरतं छत, सगळं भडक नारिंगी. भिंतीचा कणन् कण पोस्टरांनी झाकलेला आणि प्रत्येक पोस्टरवर तेच सात खेळाडू झाडू घेऊन जोरजोरात हात हलवताहेत. पलंगपोसावर दोन मोठे काळे ‘सी’ आणि सुसाट सुटलेला तोफगोळा. वीझ्लींच्या घरात पैशाची कायम ओढाताण. रॉनच्या वाट्याला थोरल्या भावांचे जुने झगे, जुनी छडी, जुना उंदीर. अशा मुलानं स्वतःच्या पसंतीनं निवडलेली गोष्ट म्हणजे हा संघ. त्या नारिंगी रंगात मला सगळ्यात आधी त्याचा हक्क दिसतो.

२. क्रमांक विचारला तर खरा सांगावा.

हॅरी संघाबद्दल विचारतो, तर रॉन नाव सांगतो आणि लगेच जोडतो की लीगमध्ये नववे आहेत. लपवाछपवी नाही की सबबी नाहीत. माझी भाची हे वाचताना थबकली होती. “मावशी, एवढे संघ असताना यानं जिंकणारा का नाही घेतला?” मी तिला उलट विचारलं, “तू तुझी मैत्रीण तिचा वर्गातला नंबर बघून निवडलीस का गं?” ती म्हणाली, “ते वेगळं असतं.” मला आजही ते वेगळं वाटत नाही.

३. देव पाण्यात ठेवून बसण्यात कमीपणा नाही.

हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंग यांनी २००१ मध्ये ‘क्विडिच थ्रू द एजेस’ हे छोटेखानी पुस्तक लिहिलं. कॅनन्सनी १९७२ मध्ये आपलं ब्रीदवाक्य बदलल्याची नोंद त्यात आहे. आधीच्या ब्रीदात आम्ही जिंकणारच अशी घोषणा होती. नव्या ब्रीदात सगळ्यांनी मिळून फक्त बरं व्हावं अशी आशा करायची. वाचणारे हसतात. पण ऐंशी वर्षं विजेतेपद मिळालेलं नसताना जुनी डरकाळी तशीच फोडत राहणं सोपं होतं. या क्लबनं खरी परिस्थिती मान्य केली आणि तरी संघ मोडला नाही. आमच्या मंडळाच्या फलकावर ‘अजिंक्य’ असं लिहिलेलं होतं. त्या शब्दाचं ओझं घेऊन चढाईला जाणाऱ्या पोरांचे चेहरे मी जवळून पाहिलेत. त्यांना कुणीतरी असं मोकळं करायला हवं होतं.

४. दुसऱ्याच्या निष्ठेची झडती घेऊ नये.

इथे रॉन चुकतो, आणि तो माझा लाडका असला तरी हे सांगायलाच हवं. पाचव्या भागात शाळेतली चो चँग हॅरीशी बोलायला येते. तिच्या झग्यावर टटशिल टॉर्नेडोज या संघाचा आकाशी बिल्ला असतो. रॉन तिला तडकाफडकी विचारतो, आधीपासून यांच्या बाजूनं आहेस की जिंकायला लागल्यापासून? ती सहा वर्षांची असल्यापासून त्या संघाची चाहती आहे. त्यांची मैत्रीण हर्मायनी नंतर त्याला चांगलीच झापते आणि ते योग्यच आहे. पडत्या काळात साथ दिली म्हणून इतरांकडे दाखले मागायचा अधिकार मिळत नाही. क्रिकेटच्या दर मोसमात हे मी ऐकते. नवी जर्सी घालून आलेल्या पोराला जुने चाहते असे उलटतपासणीला उभे करतात, की तो पुन्हा फिरकतच नाही. नव्यानं आलेल्याला सरकून जागा द्यावी. तो का आला हे त्याचं त्याला ठाऊक.

५. खेळाडूवरचं प्रेम तुटतं, संघावरचं टिकतं.

क्विडिचपटू व्हिक्टर क्रमवर रॉन जीव ओवाळून टाकत होता. क्विडिचच्या विश्वचषकाच्या वेळी त्यानं क्रमची चालतीफिरती छोटी प्रतिकृतीसुद्धा विकत घेतली. नाताळच्या नृत्यसमारंभात क्रमनं हर्मायनीचा हात धरला आणि पुढे त्या प्रतिकृतीचा तुटका हात रॉनच्या पलंगाखाली सापडला. माणसावर भाळलो की हेवा, राग, अपेक्षाभंग हे सगळं मागोमाग येतं. कॅनन्सवर मात्र रॉननं कधी असा राग काढल्याचं दिसत नाही.

६. आपला संघ दुसऱ्याला द्यावा.

दुसऱ्या वर्षीच्या नाताळात रॉन हॅरीला ‘फ्लाइंग विथ द कॅनन्स’ हे पुस्तक भेट देतो. खिसा रिकामा असताना त्यानं मित्राला आपल्या सर्वांत आवडत्या गोष्टीत वाटेकरी करून घेतलं. दोन वर्षांनी हॅरी त्याला कॅनन्सची टोपी देतो. पण मित्रानं घेऊन दिलेल्या दुर्बिणीचे पैसे म्हणून आपण दिलेली नाणी लेप्रेकॉनची, म्हणजे काही तासांत नाहीशी होणारी होती, हे कळल्यावर रॉनला ती टोपी बोचू लागते. तू मला ती द्यायला नको होतीस, असं तो हॅरीला म्हणतो. चौथ्या भागातलं हे बोलणं मला फार लागतं. पैशाच्या हिशेबात बरोबरी झाली नाही हे त्याला दिसतं, पण टोपी निवडताना हॅरीला नेमकं काय आठवलं होतं हे त्या क्षणी दिसत नाही. माझ्या भाचीनं गेल्या वाढदिवसाला नारिंगी चादर मागितली. दादानं बाजारात शोधून तिला ती आणून दिली आणि मग मला फोन करून विचारलं, “त्या संघाचं सध्या काय चाललंय गं?”