श्रद्धेची रोवणी

वाचन : मत्तय २:१-१२, याकोब २:१४-१९, रोमकरांस १०:८-१०



ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हायचा आहे, असे हेरोद राजाने यरुशलेममधील मुख्य याजकांना व शास्त्र्यांना विचारले. त्यांना शोधाशोध करावी लागली नाही. मीखा संदेष्ट्याच्या वचनाचा आधार देऊन त्यांनी बेथलेहेमचे नाव सांगितले. उत्तर अचूक होते. बेथलेहेम तेथून पायी दोन-अडीच तासांवर होते. तरीही त्यांच्यापैकी कोणी उठून तिकडे गेल्याचे मत्तय लिहीत नाही. गेले ते दूर देशाहून आलेले मागी. शास्त्र्यांना पत्ता पाठ होता, मागी लोकांनी त्या पत्त्यावर जाऊन गुडघे टेकले.

धर्माविषयी माहिती असणे आणि विश्वास असणे यांतला फरक या एका प्रसंगात दिसतो. संत याकोब तर आणखी कठोरपणे बोलतात. देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे ते म्हणतात. म्हणजे देव आहे हे मान्य करणे एवढ्यानेच कोणी ख्रिस्ती होत नाही.

१. हृदय म्हणजे काय?

मराठीत आपण ‘हृदय’ म्हटले की भावना डोळ्यांसमोर येतात. डोळे भरून आले, अंगावर काटा आला, की आपण म्हणतो, हृदयापासून प्रार्थना झाली. बायबलमध्ये मात्र हृदय म्हणजे माणसाचे सर्वांत आतले ठिकाण, जेथे तो निर्णय घेतो. कॅथोलिक चर्चची धर्मशिकवण (क्र. २५६३) हेच सांगते. त्याच ग्रंथात (क्र. १५०) विश्वासाचे दोन भाग एकत्र दिले आहेत : माणसाने स्वतः देवाला बिलगणे, आणि देवाने प्रकट केलेल्या सर्व सत्याला मोकळेपणाने संमती देणे. आपण श्रद्धांगीकार म्हणताना ‘मला माहीत आहे’ असे म्हणत नाही, ‘मी विश्वास ठेवतो’ असे म्हणतो. त्यात ‘मी’ आहे. मी स्वतःला कोणाच्या तरी हाती सोपवत आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यात ही गोष्ट समजायला अवघड नाही. पाऊस सुरू झाला की आपण धानाचे पऱ्हे टाकतो. थोड्या जागेत दाट, हिरवेगार पऱ्हे उगवतात, दिसायला फार सुंदर. पण ते तसेच ठेवले तर भात पिकत नाही. वेळेवर ते उपटावे लागतात, जुड्या बांधून बांधीत न्यावे लागतात, आणि कंबर वाकवून चिखलात रोवावे लागतात. रोवणी लांबली तर पऱ्हे पिवळे पडतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात, प्रवचनात, घरच्या जपमाळेत आपल्याला जे मिळते ते पऱ्हे आहेत. ते हवेतच, त्यांच्याशिवाय रोवणी कशाची करणार? पण ते डोक्यातून उपटून जगण्याच्या चिखलात लावल्याशिवाय दाणा भरत नाही.

२. आपले आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स

नागपूरचे आपले कॅथेड्रल संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने उभे आहे. त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात या भागात शुभवर्तमान घेऊन आले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. म्हणून या संताच्या तरुणपणीचा एक प्रसंग आपल्याला ठाऊक असायला हवा.

१५८६ साली फ्रान्सिस पॅरिसमध्ये शिकत होते. वय एकोणीस. कोणाचे तारण व्हायचे आणि कोणाचे नाही हे देवाने आधीच ठरवले आहे काय, यावर त्या काळी विद्वानांत मोठे वाद चालू होते. फ्रान्सिस ते वाद ऐकत होते, अभ्यासत होते. त्यातून त्यांच्या मनात भीती बसली की आपला नाश ठरलेलाच आहे. सुमारे सहा आठवडे त्यांना अन्न गोड लागेना, झोप येईना. ज्ञान कमी नव्हते, पण त्या ज्ञानाने शांती दिली नाही.

शेवटी एके दिवशी ते एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघ्यांवर आले. प्रभू, पुढे माझे काहीही होवो, निदान या जन्मात तरी मी तुझ्यावर प्रेम करीन, अशा अर्थाचे समर्पण त्यांनी केले. त्याच वेळी त्यांच्या मनावरचे ओझे उतरले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वादाचे उत्तर सापडले म्हणून शांती आली नाही. स्वतःला देवाच्या हाती दिले तेव्हा आली. पुढे पडुआ येथे शिकताना त्यांनी त्याच प्रश्नाचा नीट अभ्यासही केला. आधी हृदय देवाला दिले, पण डोके वापरणे सोडले नाही. १८७७ मध्ये चर्चने त्यांना धर्मपंडित ही पदवी दिली.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी कार्डिनल झाल्यावर जे बोधवाक्य घेतले, ते हृदयाने हृदयाशी बोलण्याविषयीचे, याच संताच्या विचारातून आलेले. न्यूमन यांनी १८७० मध्ये लिहिलेल्या आपल्या ग्रंथात दोन प्रकारच्या संमती सांगितल्या : केवळ कल्पनेला दिलेली, आणि प्रत्यक्ष वास्तवाला दिलेली. दुसरीच माणसाला हलवते.

३. आपल्याच रेल्वेमार्गावरची गोष्ट

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातून गेलेले आहे. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. ही गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया असा आपला भाग ओलांडून जाते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या. त्याने त्यांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले तेव्हा ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना.

टिळक संस्कृतचे जाणकार होते, अनेक धर्मग्रंथ वाचलेले होते. येशूची शिकवण त्यांच्या बुद्धीला पटली. पण बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. मधल्या काळात काय अडले होते? पुस्तक नव्हे. घर, पत्नी, आप्तेष्ट, जात, मान यांचा प्रश्न होता. पटणे वेगळे आणि पाऊल टाकणे वेगळे. टिळक कॅथोलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही त्यांची ही झुंज प्रत्येक ख्रिस्ती माणसाने समजून घ्यावी अशी आहे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची वाट उलट होती. त्यांचे शिक्षण बेताचे. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. कित्येक वर्षे त्या आपला सोवळे-ओवळे धरूनच राहिल्या. मग एकदा विचार करता करता त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला : जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळाले आणि त्यांनी ते तेथेच अमलात आणायचे ठरवले. कोणाच्याही हातचे खायला-प्यायला आता त्यांना अडचण उरली नाही. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये झाला. ही हकिगत त्यांनी स्वतः ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यांच्या बाबतीत विश्वास प्रथम दिसला तो पाण्याच्या भांड्यापाशी.

४. मग अभ्यास नको का?

असा अर्थ कोणी काढू नये. ज्ञानाच्या अभावी लोकांचा नाश होतो, अशी तक्रार होशेय (४:६) करतो. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, असे संत पेत्र सांगतात (१ पेत्र ३:१५). संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या आपल्या विश्वपत्रात श्रद्धा आणि बुद्धी यांना दोन पंखांची उपमा दिली. एका पंखाने पक्षी उडत नाही.

दुसरीकडे, भावना म्हणजेच विश्वास असेही समजू नये. प्रार्थनासभेत रडू आले म्हणजे विश्वास वाढला, आणि मिस्सात मन कोरडे राहिले म्हणजे विश्वास गेला, असे नाही. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की कित्येक दशके त्यांना देवाच्या जवळिकीची जाणीव होत नव्हती. पण त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसल्या आणि रोज मरणासन्नांच्या खाटेपाशी गेल्या. भावना नव्हती, निर्णय होता. हाच हृदयाचा विश्वास.

५. आपल्या घरात

आपली मुले प्रथम कम्युनियनच्या आधी सात संस्कार घडाघड म्हणून दाखवतात. दृढीकरणाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवतात. मग काहीजण रविवारच्या मिस्साला दिसेनासे होतात. आपण म्हणतो, शिकवण कमी पडली. बहुधा शिकवण कमी पडलेली नसते. त्या शिकवणीसाठी घरात कोणी काही सोडताना, सोसताना मुलाने पाहिलेले नसते. क्षमेचा धडा त्याने वर्गात ऐकला, पण भावाभावांतली बांधावरची अबोला वर्षानुवर्षे तशीच पाहिली. सर्व माणसे देवाची लेकरे हे त्याने पाठ केले, पण सोयरिकीच्या वेळी घरात जात विचारलेली ऐकली. मूल पुस्तकापेक्षा आपल्याकडे पाहून शिकते.

म्हणून या आठवड्यात एकच गोष्ट करू या. आपल्याला ठाऊक असलेले एक सत्य निवडू आणि त्याची रोवणी करू. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या दारात जाऊ. हिशेबात जे चुकीचे घेतले ते परत करू. आजाऱ्याच्या घरी अर्धा तास बसू. कंबर दुखेल, चिखल लागेल. रोवणी अशीच होते.

कुटुंबात चर्चेसाठी :

१. मला पाठ असलेली पण मी कधीच न पाळलेली प्रभूची कोणती आज्ञा आहे?
२. माझ्या विश्वासासाठी मी आजवर काय सोडले?
३. माझ्या मुलांनी मला क्षमा करताना कधी पाहिले आहे का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तुझ्याविषयी आम्ही पुष्कळ ऐकले आहे. आता आम्हाला तुझ्याकडे चालत येण्याचे बळ दे. आमच्या ओठांवरचे शब्द आमच्या हातापायांत उतरू दे. आमेन.