स्वस्तात स्वस्त घर कोठे?

बहुतेक दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातील एखाद्या बाकावरची जागा रिकामी राहते. चौकशी केली असता उत्तर मिळते, "त्याच्या घरचे नागपूरला गेले," किंवा "मुंबईला गेले." अशाच एका प्रसंगी एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, आपल्या लोधीखेड्यास घर इतके स्वस्त. मग माणसे महागड्या घरांच्या गावी का जातात?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा अंकगणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांना साह्यास बोलवावे लागले.

तुलनेचा पहिला नियम असा की, समान वस्तूंचीच तुलना करावी. एका गावचा वाडा आणि दुसऱ्या गावची झोपडी समोरासमोर ठेवून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी शासनाने योजिलेले घर, हेच आपण माप धरू.

ग्रामीण भागासाठी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. तीत सपाट प्रदेशातील कुटुंबास १,२०,००० रुपये व डोंगराळ अथवा दुर्गम प्रदेशातील कुटुंबास १,३०,००० रुपये साह्य ठरले. घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. भागाकार केल्यास चौरस फुटास सुमारे ४४६ रुपये येतात. आता मुंबईकडे वळू. २०२३ सालच्या म्हाडाच्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी येथील अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत ३०,४४,००० रुपये होती व क्षेत्र सुमारे ३२२ चौरस फूट. येथे चौरस फुटास सुमारे ९,४५० रुपये पडतात. म्हणजे एकवीसपट अंतर!

परंतु येथेच थांबणारा विद्यार्थी अर्धे गुण मिळवील. पहिला आकडा घराची किंमत नव्हे. ते केवळ साह्य आहे. त्यात जागेचे मोल धरलेले नाही. घरच्या माणसांचे श्रम, स्वतःच्या घरासाठी रोजगार हमीखाली मिळणारी मजुरी, जुन्या घराचे उपयोगी पडलेले फाटे व कवेलू आणि कमी पडल्यास काढलेले कर्ज, हे सारे वेगळेच. उलट मुंबईच्या आकड्यात जमीन, जिना, नळ व मलनिःसारण यांचाही वाटा असतो. तेव्हा खरे अंतर एकवीसपटीहून कमी आहे. तथापि ते मोठे आहे, यात शंका नाही.

दुसरे माप श्रमाचे. २०२५-२६ साली मध्यप्रदेशात रोजगार हमीचा दर दिवसास २६१ रुपये होता. या दराने १,२०,००० रुपये म्हणजे सुमारे ४६० दिवसांची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस काम मिळाले, असे धरल्यास ही दीड वर्षाची कमाई झाली. समजा, मुंबईस गेलेल्या माणसास याच्या तिप्पट, म्हणजे ७८३ रुपये रोज मिळतो. तरी गोरेगावच्या त्या घरासाठी त्यास सुमारे ३,८९० दिवस, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षे राबावे लागेल. आणि तेही पोटास एक घास न घालता! मजुरी तिप्पट झाली खरी, पण घर पंचवीसपट झाले.

हे अंतर केवळ खेडे व शहर यांतीलच आहे, असेही नाही. सिडकोने जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील घरांच्या किमती जाहीर केल्या. त्यांत दुर्बल घटकांसाठी तळोजे येथील घर २५,१०,००० रुपयांस होते, तर शेजारच्याच खारघर येथील ४८,३०,००० रुपयांस. बांधणारी संस्था एक, वर्ष एक, गटही एकच. विटा व सिमेंट यांचा भाव दोन शेजारच्या गावांत दुप्पट नसतो. फरक पडतो तो जागेचा: स्थानक, बाजार, शाळा व दवाखाना किती जवळ, याचा. घर आपण विटांचे समजतो. किंमत मात्र आपण पुष्कळशी शेजाराची देतो.

जागेचे हे महत्त्व आम्हांस लहानपणीच कळले, कारण आम्ही कोंकणी मुलुखातील. गोव्यात मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहत असे. भिंती त्याच्या, पण भुई दुसऱ्याची; मालकाची मर्जी फिरली की छप्पर हलले. अखेर १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि राहत्या घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्यांना मिळाला. मध्यप्रदेशातही भूमिहीन ग्रामीण कुटुंबांना राहण्यापुरती जागा देण्यासाठी २०२१ साली मुख्यमंत्री आवासीय भू-अधिकार योजना आली. ज्याच्या पायाखाली स्वतःची भुई नाही, त्यास स्वस्त घरही महागच पडते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. माणसे महागड्या घराकडे जात नाहीत. ती कामाकडे जातात आणि घराची किंमत त्यांच्यामागून येते. कापूस व संत्री यांच्या हंगामात आपल्याकडे हातांना काम असते. हंगाम सरला की हात रिकामे होतात. स्वस्त घर आणि बारमाही काम ही दोन्ही एकाच गावी लाभली, तर वर्गातील बाक रिकामे होणार नाहीत. आपल्या गावातून नागपूरकडे जाणारी रेल्वे आहे. दूरच्या कामास जाऊन रात्री स्वतःच्या घरी परतता आले, तर तीही लहान सोय नव्हे.

शेवटी एक अभ्यास. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: घर केव्हा बांधले, जागेस काय पडले, साहित्यास काय पडले व घरच्यांनी किती दिवस हातांनी काम केले? ते दिवसही मजुरीच्या दराने मांडून बेरीज करा. ज्या श्रमांची नोंद आजवर कोणत्याही वहीत झाली नाही, ते त्या बेरजेत प्रथमच दिसतील. आणि आपले स्वस्त घर आई-वडिलांना खरोखर किती महाग पडले, हेही कळेल.