चाळीस टक्के

'चाळीस टक्के' म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये सगळ्यांना एकच गोष्ट आठवते. पासिंग! ४० पडले की सुटलो, ३९ पडले की केटी. आमच्या घरी मात्र हा आकडा वेगळ्याच कारणाने पाठ आहे. तिथे ४० किंवा त्याहून जास्त असाल तर तुम्ही सरकारी सवलतींना पात्र, कमी असाल तर नाही.

माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. त्याला ऑटिझम आहे. सरकारी कागदांवर याला 'स्वमग्नता' म्हणतात. (माझी शाळा कॉन्व्हेंट, मराठी घरात शिकलेली, त्यामुळे माझ्या मताला फार किंमत देऊ नका, पण हा शब्द मला पटत नाही. स्वमग्न म्हटलं की खिडकीत बसलेला कवी डोळ्यांसमोर येतो. दादा स्वतःत मग्न नसतो. तो पंख्याच्या आवाजात, कॅलेंडरच्या तारखांत आणि तुमच्या शर्टाच्या तुटलेल्या बटणात असतो.) म्हणून मी सरळ ऑटिझम असंच लिहिणार आहे.

दरवर्षी २ एप्रिलला ऑटिझम दिनाचे जे फोटो छापून येतात त्यात बहुतेक लहान मुलंच असतात. पण ती मुलं मोठी होतात! त्यांना मिशा येतात, पँटी आखूड होतात, आणि एक दिवस शेजारच्या काकू विचारतात, "मग आता पुढे काय करतो हा?" या 'पुढे काय'चं उत्तर शोधायला मी गेल्या वर्षी कायदे वाचायला बसले. सबमिशनच्या आठवड्यात! काय सापडलं ते सांगते.

आधी थोडा इतिहास. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं आणि ऑटिझम त्यात नव्हता. म्हणजे सरकारी नोकरीत ३ टक्के जागा राखीव होत्या, पण दादासारख्यांसाठी एकही नाही. १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्ट कायदा आला, त्यात ऑटिझमचं नाव आलं. त्यातून अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाची सोय झाली (जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते ठरवते) आणि पुढे 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आला. पण नोकरीचं काय? तो दरवाजा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने उघडला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. प्रकार सातावरून एकवीस झाले आणि राखीव जागा ४ टक्के झाल्या.

आता या ४ टक्क्यांची फोड बघा. एक टक्का दृष्टिदोषासाठी, एक श्रवणदोषासाठी, एक हातापायाच्या व्यंगासाठी. उरलेला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसअॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून! आमच्या मेसमध्ये रविवारी एका पनीरच्या भाजीवर दोन टेबलं तुटून पडतात, त्याची आठवण झाली.

या जागांसाठी प्रमाणपत्र लागतं, त्यावर निदान ४० टक्के लागतात. ऑटिझमची टक्केवारी मोजायची कशी? हाताचं बोट तुटलं तर मोजता येतं, हे कसं मोजणार? त्यासाठी 'आयसा' नावाची भारतीय मोजपट्टी आहे. त्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. (शून्यापासून सुरू न होणारी मोजपट्टी बघून माझ्यातला इंजिनिअर थोडा अस्वस्थ झाला.) ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. दादाला ९२ गुण मिळाले, म्हणजे 'सौम्य', आणि प्रमाणपत्रावर ६० टक्के.

मी ते ४० मुद्दे वाचले. नजरेला नजर देत नाही, ऐकलेलं वाक्य तसंच परत बोलतो, रोजचं वेळापत्रक बदललं की बिथरतो, असे ते मुद्दे. माणूस कुठलं काम करू शकेल, असा एकही नाही. आणि एकोणचाळिसावा मुद्दा वाचून मी हसले: असाधारण स्मरणशक्ती! म्हणजे दादाला पाठ असलेल्या हजारो तारखा त्याच्या अपंगत्वात भर घालतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

राखीव जागेची जाहिरात वाचणं हाही एक अभ्यास आहे. कुठलं पद कुठल्या दिव्यांगासाठी योग्य, याची यादी केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये नव्याने काढली. त्यात पुष्कळ पदांपुढे ऑटिझम आहे, पण कंसात 'सौम्य' असं लिहिलेलं असतं. म्हणजे उमेदवार निदान ४० टक्के दिव्यांग हवा, आणि तरी सौम्य हवा. त्यातून परीक्षा सगळ्यांसारखीच. दादा दहावी ओपन स्कूलमधून पास झाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. स्पर्धा परीक्षेचा विचार आम्ही तिथेच सोडला.

मग खाजगी नोकरी. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. एका साहेबांनी विचारलं, "स्वतःबद्दल सांगा." दादाने जन्मवेळ सांगितली, जन्माचं वजन सांगितलं, बालवाडीच्या रिक्षाचा नंबर सांगितला... साहेब हसत होते, आणि दादाला वाटलं मुलाखत छान झाली. दुसरीकडे विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" दादा म्हणाला, "मला माहीत नाही." याहून खरं उत्तर मी तरी आजवर ऐकलेलं नाही! तिसरीकडे मुलाखतीच्या खोलीबाहेर ड्रिलिंग चालू होतं. तो कानांवर हात ठेवून बसून राहिला आणि तसाच घरी आला.

यात चूक कुणाची? मुलाखत ही गप्पा मारण्याची परीक्षा असते, कामाची नाही. डेन्मार्कमध्ये २००४ साली थॉर्किल सोन्ने यांनी 'स्पेशालिस्टर्न' नावाची कंपनी काढली, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम आहे. तिथे मुलाखतीऐवजी उमेदवारांना लेगोचे रोबो बनवायला देत आणि ते कसे काम करतात ते बघत. पुढे २०१३ मध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने याच कंपनीबरोबर ऑटिस्टिक लोकांना घ्यायचा कार्यक्रम जाहीर केला. त्याआधीचा पहिला प्रयोग आपल्या देशात झाला होता, बंगळुरूला सहा जणांना टेस्टिंगसाठी घेऊन. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, पण तिचा एक त्रासही होतो. तेव्हापासून प्रत्येक जण मला विचारतो, "मग दादा कॉम्प्युटरमध्ये जीनियस असेल ना?" नाही हो! त्याला एक्सेलची भीती वाटते.

शेवटी नोकरी मिळाली ती ओळखीतून. औषधांचे एक घाऊक व्यापारी आहेत. ते म्हणाले, मुलाखत नको, आठ दिवस येऊन काम करू दे. काम काय, तर आलेल्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी बिलाशी ताडून बघायची. तिसऱ्या दिवशी दादाने सांगितलं की हीच बॅच मंगळवारीही आली होती आणि तेव्हा एक्स्पायरी वेगळी छापलेली होती. बिलं काढून बघितली. बरोबर होतं! (एकोणचाळिसावा मुद्दा!) पगार ठरला ११,००० रुपये. त्याला लागलं काय? सूचना तोंडी न देता कागदावर लिहून, जेवण रोज ठीक एकला, आणि साहेब एकच. खर्च शून्य.

आई आनंदाने रडली. आणि बाबांनी नोकरीला नाही म्हटलं.

मला आधी भयंकर राग आला. मग कारण कळलं. बाबा पोस्टात आहेत, २००४ च्या आधी लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे आईवडिलांच्या पश्चात दिव्यांग मुलाला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळते, पण अट अशी की अपंगत्वामुळे तो उपजीविका करू शकत नसावा. 'आमच्यानंतर याचं काय' या प्रश्नाला बाबांनी वीस वर्षांपूर्वी शोधलेलं हे एकमेव उत्तर. त्यांच्या डोक्यात ९,००० चा आकडा पक्का बसला होता: मुलाची कमाई महिना नऊ हजारांवर गेली की पेन्शन गेली. आणि पगार अकरा हजार. घाऊक दुकानातली नोकरी उद्या जाईल, पेन्शन चाळीस वर्षं टिकेल, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

पण आकडा जुना होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने ही मर्यादा बदलली. आता मुलाचं स्वतःचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या फॅमिली पेन्शनपेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरची महागाई सवलत यापेक्षा, कमी असलं की तो पात्र राहतो. समजा शेवटचा मूळ पगार ६०,०००, तर ३० टक्के म्हणजे १८,०००, वर महागाई सवलत. दादाचे ११,००० आरामात खाली बसतात. (जुन्या नियमातही नऊ हजारांवर महागाई सवलत मिळवायची होती, ते बाबा विसरले होते. पोस्टातला माणूस!) शिवाय मुलाचं नाव पीपीओमध्ये पालक हयात असतानाच घालून घेता येतं.

एवढं करूनही एक गोष्ट मला खटकते. पेन्शनच्या कागदावर दादा 'उपजीविका करण्यास असमर्थ', आणि नोकरीच्या अर्जावर तोच 'काम करण्यास सक्षम'. दोन्ही कागद खरे आहेत, कारण तो काही बाबतीत असमर्थ आहे आणि काही बाबतीत आपल्या सगळ्यांपेक्षा सक्षम. पण सरकारी रकान्यात एकाच शब्दावर खूण करायची असते.

आमच्याकडे निदान पेन्शन आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांना आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० झाली, हे चांगलंच झालं. पण त्यासाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. आता गणित करा. मुलाला महिना ४,५०० ची नोकरी लागली, वर्षाचे झाले ५४,०००. मर्यादा ओलांडली. ४,५०० आले, २,५०० गेले, हातात वाढले २,०००, आणि त्यातून बसचं भाडं. कुठली आई म्हणेल, जा बाळा, कामाला जा?

सेकंड इयरला आपण ७४१ घेऊन कम्पॅरेटरचं प्रॅक्टिकल केलं होतं, आठवतंय? इनपुट बरोबर थ्रेशोल्डवर असेल तर थोडासा नॉइज आला तरी आउटपुट वरखाली नाचतो. उपाय म्हणून श्मिट ट्रिगर लावतो, त्यात चालू व्हायची पातळी वेगळी आणि बंद व्हायची वेगळी. लाभ सुरू होताना मर्यादा ५०,००० ठेवा, पण बंद करताना लाख-दीड लाख ठेवा, म्हणजे माणूस घाबरणार नाही. नाहीतर अमेरिकेसारखं करा. तिथल्या एसएसआय योजनेत महिन्याच्या कमाईतले पहिले ६५ डॉलर मोजतच नाहीत आणि पुढच्या दर दोन डॉलरमागे मदत एक डॉलरने कमी करतात. (तिथेही एकट्या माणसाची बचत २,००० डॉलरच्या वर गेली की सगळंच बंद होतं, म्हणजे शहाणे तेही नाहीत.)

आता आपल्या कॅम्पसबद्दल. तुमच्या विंगमध्येही एखादा असेल: मेसमध्ये ठरलेल्याच खुर्चीवर बसणारा, सिग्नल्समध्ये टॉपर आणि ग्रुप डिस्कशनमध्ये दरवेळी बाहेर. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल, कदाचित ४० टक्के भरणारही नाहीत. त्याच्यासाठी सांगते. राखीव जागेला ४० टक्के लागतात, पण 'वाजवी सोय' मागायला लागत नाहीत. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात हेच सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडायचा, आणि ४० टक्के भरत नाहीत म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. कोर्टाने तो हक्क मान्य केला. २०१६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खाजगीसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्यांकडे ते मागायला काय हरकत आहे? पॅकेज विचारतो, बॉन्ड विचारतो, त्यात हे एक.

दादाला नोकरी लागून सहा महिने झाले. बाबांनी माझा हिशेबाचा कागद दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा विचारलं, "डीआर धरलास का?" पीपीओसाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र काढायचं बाकी आहे, युडीआयडी कार्ड ऑनलाइन अर्ज करून आधीच मिळालंय. स्टाफपैकी कुणाच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल आणि पालक केंद्राच्या नोकरीत असतील, तर निवृत्तीची वाट न बघता या कागदांना आत्ताच हात घाला. राज्य सरकारच्या पेन्शनचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या कार्यालयात विचारा. आमचा हिशेबाचा कागद कुणाला बघायचा असेल तर मी रोज रात्री मेसनंतर रीडिंग रूममध्ये असते.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी